पावसाची तारीख हुकते, कर्जाची हुकत नाही



आज बियाणं, खत, फवारणी यांवर बोलायचं नाही. आज बोलायचं आहे सोसायटीच्या खात्यावर. तुम्ही म्हणाल, शेतीचा कार्यक्रम लावला आणि हे गृहस्थ कर्जाचं काय काढून बसले? पण गेल्या काही वर्षांत पाऊस असा बदलला आहे की, त्याचा पहिला फटका पिकाला बसतो आणि दुसरा खात्याला. पिकाचा फटका डोळ्यांना दिसतो. खात्याचा फटका मार्चमध्ये कळतो, आणि तोवर बऱ्याचदा उशीर झालेला असतो. म्हणून ही माहिती नीट ऐकून घ्या, आणि हे पत्रक हाती आलं की घरात जपून ठेवा.

आपल्या पुणे जिल्ह्याचंच बघा. २०२३ सालचा ऑगस्ट महिना देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. पिकं ऐन भरात असताना पावसानं पाठ फिरवली. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी सरकारने राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात आपले पाच तालुके होते : पुरंदर, बारामती, शिरूर, दौंड आणि इंदापूर. पुढे दोन वर्षं व्हायच्या आतच, मे २०२५ मध्ये, त्याच बारामती, दौंड, इंदापूर भागात पाणीच पाणी झालं. ओढे-नाले फुटून वाहिले, शेतं खरवडून गेली. मान्सून एरवी जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास पुण्यात येतो. तो त्या वर्षी २६ मे रोजीच आला. म्हणजे मृगाची वाट बघावी, तर रोहिणी लागता लागताच पाऊस हजर. नांगरट अर्धी, बांधबंदिस्ती राहिलेली, आणि कित्येकांच्या पीक कर्जाचे कागद अजून सोसायटीच्या टेबलावर.

एकच तालुका, एकच शेतकरी, एकच खातं. एका वर्षी पाणी नाही म्हणून बुडालं, दुसऱ्या वर्षी पाणी झालं म्हणून बुडालं.

असं का होतं?

पुण्यात पाषाणला उष्णदेशीय हवामानाचा अभ्यास करणारी मोठी संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी इतरांच्या बरोबरीने केलेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसून आलं की, १९५० ते २०१५ या काळात देशाच्या मधल्या पट्ट्यात, मोठ्या मुलखावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्या. कारण समजायला अवघड नाही. हवा तापली की तिच्यात वाफ जास्त मावते. तापमान एक अंशाने वाढलं, तर साधारण सात टक्के जास्त. अरबी समुद्रही तापतो आहे, त्यामुळे वाफेचा पुरवठा वाढला. मग पाऊस पडतो तो थोड्या दिवसांत आणि धो धो पडतो. मधले दिवस मात्र कोरडे जातात. वर्षाच्या पावसाचा आकडा कागदावर ठीक दिसतो, आणि शेतात पीक करपलेलं किंवा सडलेलं असतं.

आपले वाडवडील नक्षत्रावर पेरणी करीत. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, आणि हस्ताच्या पावसावर रब्बी. तो हिशेब अगदीच खोटा झाला असं मी म्हणणार नाही, पण त्यावर कर्ज काढावं इतका त्याचा भरवसा आता उरला नाही.

कर्ज तारखेवर चालतं

आता कर्ज कसं चालतं ते बघू. पीक कर्जाचा हेक्टरी दर दरवर्षी जिल्ह्याची तांत्रिक समिती ठरवते. कोणत्या पिकाला बी किती, खत किती, मजुरी किती, असा हिशेब करून तो दर काढतात. तुमचं क्षेत्र गुणिले तो दर, त्यात घरखर्चासाठी दहा टक्के, अवजारं वगैरेंच्या डागडुजीसाठी वीस टक्के आणि विम्याचा हप्ता, अशी किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा ठरते. हा हिशेब एका पेरणीचा असतो. पाऊस पडला, पेरलं, मग तीन आठवडे पावसाने ताण दिला, उगवण गेली, पुन्हा बी आणा, पुन्हा पाभर धरा. ह्या दुबार पेरणीचा पैसा त्या दरात नसतो. तो येतो कुठून? दुकानदाराच्या उधारीतून, नाहीतर हातउसन्या पैशांतून.

आणि परतफेड? खरिपाच्या कर्जाला बहुतेक ठिकाणी ३१ मार्च, रब्बीच्या कर्जाला ३० जून. ह्या तारखेला फार महत्त्व आहे. राज्य सरकारच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत आणि केंद्राच्या सवलतीत मिळून, तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज वेळेत फेडणाऱ्याला २०२१-२२ पासून बिनव्याजी पडतं. तारीख चुकली की सवलत गेली. खातं थकबाकीत गेलं की पुढच्या हंगामाचं कर्ज अडलं. आणि कमी मुदतीच्या पिकाचं कर्ज दोन हंगाम थकलं की बँक ते खातं बुडीताच्या वाटेवरचं, म्हणजे ज्याला एनपीए म्हणतात ते, धरते. मग दुसऱ्या बँकेचं दारही उघडत नाही.

म्हणजे बघा, पाऊस आता कोणतीच तारीख पाळत नाही आणि बँक एकही तारीख सोडत नाही. ह्या दोहोंच्या मध्ये शेतकरी सापडतो.

दोन बांधकऱ्यांची गोष्ट

समजा, पुरंदरच्या पठारावर बांधाला बांध लागून दोन शेतकरी आहेत. एकाला थोरला म्हणू, दुसऱ्याला धाकटा. दोघांनी सोसायटीतून लाख लाख रुपये पीक कर्ज उचललं. दोघांनीही दुबार पेरणी केली. दोघांचं पीक काढणीच्या वेळी अवकाळी पावसात सापडून निम्म्याहून जास्त गेलं. नुकसान सारखंच.

थोरल्यानं विचार केला, मार्चचं मार्चला बघू. मार्च आला. सचिव घरी येऊन म्हणाला, खातं नवं-जुनं करून घ्या, नाहीतर थकबाकीत जाल. नवं-जुनं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. जुनं भरायचं आणि लगेच नवं उचलायचं. पण जुनं भरायला लाख रुपये हवेत. थोरल्यानं ते शेकडा तीन रुपये महिन्याने खासगीत घेतले. मनात हिशेब असा की, पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे. पण नवं कर्ज मंजूर होऊन हातात पडायला जूनअखेर उजाडली. तीन महिन्यांचं व्याज झालं नऊ हजार. नव्या कर्जाचे लाख रुपये आले तसे सावकाराकडे गेले, वर नऊ हजार बाकी राहिलेच. सोसायटीच्या वहीत खातं चोख झालं. घरात मात्र बियाण्याच्या पिशवीलाही पैसा नाही. मग पेरणीसाठी पुन्हा त्याच दाराशी. शेकडा तीन महिन्याला, म्हणजे लाखाला वर्षाचे छत्तीस हजार, हे कधी विसरू नका.

धाकट्यानं काय केलं? नुकसान झालं त्याच आठवड्यात पंचनाम्यासाठी अर्ज दिला आणि त्याची पोच घेतली. तालुका नुकसानग्रस्त जाहीर झाला, तशी तो सोसायटीत गेला आणि लेखी मागणी केली की, माझ्या पीक कर्जाचं रूपांतर करून द्या. म्हणजे हंगामी कर्जाचं मध्यम मुदतीच्या कर्जात पुनर्गठन. रिझर्व्ह बँकेने २०१८ साली व्यापारी बँकांसाठी काढलेल्या निदेशांत असं होतं की, पिकाचं नुकसान ३३ ते ५० टक्के असेल तर दोन वर्षांपर्यंत, आणि ५० टक्के वा अधिक असेल तर पाच वर्षांपर्यंत मुदत वाढवता येते, त्यातलं एक वर्ष हप्ता न मागता. सहकारी बँकांना नाबार्डच्या सूचना लागू असतात, त्यांतही रूपांतराची वाट आहे. धाकट्याच्या लाखाचं असं समजा की पहिलं वर्ष हप्ता नाही, पुढं चार वर्षं पंचवीस-पंचवीस हजार. व्याज सात टक्के धरलं, तर पहिल्या वर्षाचे सात हजार. खातं थकबाकीत गेलं नाही, म्हणून नवं पीक कर्ज मिळालं. आणि ते बियाण्याला, खताला लागलं.

आता खरं ते सांगितलं पाहिजे. रूपांतर म्हणजे माफी नव्हे. धाकट्याच्या डोक्यावर पुढच्या वर्षापासून दोन ओझी आहेत, नव्या कर्जाचं आणि जुन्या हप्त्याचं. बिनव्याजी सवलतही त्या जुन्या रकमेवर पूर्वीसारखी राहत नाही. म्हणून रूपांतराच्या कागदावर सही करण्याआधी तीन प्रश्न विचारायचे. हप्ता किती आणि कोणत्या तारखेला? व्याज किती आणि ते कोण भरणार? नवं पीक कर्ज किती आणि कधी मिळणार? तिन्हीची उत्तरं मिळाली, घरी हिशेब बसला, तरच सही. पण हिशेब करून नाही म्हणणं वेगळं, आणि अशी काही सोय आहे हेच ठाऊक नसल्यामुळे सावकाराकडे जाणं वेगळं.

एकट्याचं दुखणं नव्हे

कुणाच्या घरी आजारपण आलं, बैल गेला, विहीर कोसळली, तर ते एका घरावरचं संकट असतं. गाव सावरून घेतं. दुष्काळ आणि अतिवृष्टी तशी नसते. ती साऱ्या शिवारावर एकदम येते. एका वेळी शंभर खाती अडतात. मग सोसायटीची वसुली घसरते. सोसायटीची वसुली घसरली की जिल्हा बँकेला भरायचे पैसे तिच्याजवळ राहत नाहीत, आणि बँक पुढच्या कर्जपुरवठ्याला हात आखडता घेते. त्यात दरवर्षी नेमाने भरणारा सभासदही भरडला जातो. म्हणून रूपांतराचा अर्ज ही एकट्यादुकट्याने गुपचूप करायची गोष्ट नाही. सोसायटीच्या सभेत विषय घ्या, ठराव करा, चेअरमन आणि सचिवांना जिल्हा बँकेकडे एकत्र प्रस्ताव पाठवायला सांगा. शंभर सभासदांचा एक ठराव जितका लवकर हलतो, तितके शंभर सुटे अर्ज हलत नाहीत.

अशा वेळी काही ठिकाणी पीक कर्जाऐवजी सोनं तारण ठेवून घ्या, असं सुचवतात. पैसे लवकर मिळतात हे खरं. पण तारीख चुकली तर घरातल्या बाईचं सोनं लिलावाला लागतं. निकडीला तो मार्ग आहे, पण दर हंगामाचा मार्ग करू नका. दुसरं, व्यापारी बँकांत गेलात तर सिबिलचा आकडा पुढे करतात. पीक कर्जाला सिबिलची अट घालू नका, असं राज्य सरकारने बँकांना वारंवार बजावलं आहे. आणि १ जानेवारी २०२५ पासून दोन लाखांपर्यंतच्या शेती कर्जाला तारण मागायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. हे दोन्ही लक्षात असू द्या. अडवणूक झाली तर लेखी उत्तर मागा, आणि ते घेऊन जिल्ह्याच्या अग्रणी बँकेकडे जा. पुणे जिल्ह्याची अग्रणी बँक म्हणजे बँक ऑफ महाराष्ट्र.

हे दुखणं जुनं आहे

तुम्हाला वाटेल, हे सारं अलीकडचं आहे. तसं नाही. १२ मे १८७५ रोजी आपल्या जिल्ह्यात सुप्याला, भर बाजाराच्या दिवशी, शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं आणि वह्या काढून जाळल्या. ते लोण पुणे आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात पसरलं. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात ते नोंदलेलं आहे. कापसाचे चढलेले भाव कोसळले होते, सारा वाढला होता. आणि सारा रोख भरायचा, ठरल्या तारखेला, मग पीक येवो न येवो. तारीख पाळण्यासाठी शेतकरी सावकाराकडे गेला, आणि कर्जखतावर अंगठा उठवून जमीन गमावून बसला. पुढच्याच वर्षी मोठा दुष्काळ पडायला सुरुवात झाली. मग १८७९ साली शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा आला. पुढं पुरंदर तालुक्यात शेतकी बँक काढावी अशी योजना विल्यम वेडरबर्न यांनी मांडली होती, पण ती लंडनहून नामंजूर झाली. शेतकऱ्याला सहकारी पतपेढी मिळायला १९०४ चा कायदा यावा लागला.

ते सुपे आज बारामती तालुक्यात आहे. २०२३ ला ज्या तालुक्यात दुष्काळ जाहीर झाला आणि २०२५ च्या मे महिन्यात ज्या तालुक्यात पूर आला, तोच हा तालुका. दीडशे वर्षांत फरक एवढाच पडला की, तेव्हा शेतकऱ्याकडे वह्या जाळण्यावाचून उपाय नव्हता. आज अर्ज आहे, ठराव आहे, रूपांतर आहे. पण ते मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि वेळेत मागितलं तरच मिळतं.

मग करायचं काय?

आता कामाचं बोलू. तीन वेळा सांगतो : पेरणीआधी, नुकसान झाल्यावर, आणि मार्चच्या आधी.

पेरणीआधी. कर्ज ज्या पिकाला घेतलं तेच पीक सात-बारावर लागलं पाहिजे. कर्ज उसाला आणि शेतात सोयाबीन, असं असेल तर नुकसानीच्या वेळी विमा, अनुदान, रूपांतर, तिन्हीकडे अडचण येते. १५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्या राज्यात ई-पीक पाहणी सुरू आहे. मोबाइलवरून शेताच्या बांधावर उभं राहून पीक आपणच नोंदवायचं. घरातल्या शिकल्या मुलाला, मुलीला सांगा. मुदत संपायच्या आत नोंद करा. तसंच शेतकरी ओळख क्रमांक काढून घ्या. एप्रिल २०२५ पासून कृषी खात्याच्या योजनांना तो सक्तीचा झाला आहे.

पीक विम्याचं. २०२३ च्या खरिपात राज्यात एक रुपयात विमा सुरू झाला होता. ती सोय बंद झाली. २०२५ च्या खरिपापासून शेतकऱ्याला खरिपाच्या पिकाला विमा रकमेच्या दोन टक्क्यांपर्यंत, रब्बीला दीड टक्क्यापर्यंत आणि नगदी पिकाला पाच टक्क्यांपर्यंत हप्ता भरावा लागतो. भरपाईही पीक कापणी प्रयोगांवरून ठरवायची, असा बदल त्याच वेळी झाला. पूर्वी आम्ही इथूनच सांगत होतो की, नुकसान झालं की बहात्तर तासांत कंपनीला कळवा. त्या एकट्या सल्ल्यावर आता विसंबू नका. विम्याच्या अटी दर हंगामाला विचारून घ्या. २०२० पासून विमा कर्जदारालाही ऐच्छिक आहे. नको असेल तर मुदतीच्या सात दिवस आधी बँकेला तसं लेखी द्यावं लागतं, नाहीतर हप्ता कापला जातो. माझा सल्ला असा की, निव्वळ पावसावर शेती असणाऱ्यानं हप्ता वाचवायच्या नादात विमा सोडू नये.

आणि पेरणीची घाई करू नका. पहिला वळीव झाला की पाभर काढायची सवय आता महागात पडते. जमिनीत पुरेशी ओल जाऊ द्या, वाफसा येऊ द्या. शिवाजीनगरच्या हवामान खात्यात शेतीच्या हवामानाचा विभाग १९३२ पासून काम करतो आहे. आठवड्यातून दोनदा जिल्ह्याचा कृषी सल्ला निघतो. पुढच्या पाच दिवसांत पावसाचा खंड सांगितला असेल, तर एक आठवडा थांबल्याने बिघडत नाही. दुबार पेरणी टळली, तर सर्वांत महागडं कर्ज टळलं म्हणून समजा.

नुकसान झाल्यावर. त्याच दिवशी फोटो काढा. ग्राम महसूल अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी, म्हणजे ज्यांना आपण अजून तलाठी आणि कृषी सहायक म्हणतो, त्यांच्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. सरकारी मदतीसाठी नुकसान ३३ टक्क्यांच्या वर लागतं. अतिवृष्टी धरायची तर महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस मोजला जावा लागतो. इथे एक मेख आहे. पावसाचं यंत्र मंडळात एका ठिकाणी असतं. ढग तुमच्या गावावर फुटला आणि यंत्राजवळ भुरभुर झाली, तर कागदावर तुमचं गाव कोरडं. असं झालं तर गप्प बसू नका. ग्रामसभेचा ठराव करा, फोटो आणि शेतकऱ्यांच्या सह्या जोडा, तहसीलदारांकडे पंचनाम्याची मागणी करा. कारण कर्जाचं रूपांतर हे गाव जाहीर झालं की मगच होतं. यादीत गाव नसलं तर सोसायटीचे हात बांधलेले असतात.

गाव जाहीर झालं, तर कोणत्या सवलती निघाल्या ते विचारा. २०२३ च्या दुष्काळात जमीन महसुलात सूट, पीक कर्जाचं पुनर्गठन, शेतीशी निगडित कर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट, मुलांच्या परीक्षा शुल्काची माफी, अशा सवलती होत्या. स्थगिती या शब्दाने मात्र फसू नका. स्थगिती म्हणजे वसुली थांबली, व्याज थांबलं असं नाही. स्थगितीच्या भरवशावर घरी बसलात आणि रूपांतर मागितलं नाही, तर स्थगिती उठल्यावर सगळी रक्कम एकदम दारात उभी राहते.

मार्चच्या आधी. फेब्रुवारीत सोसायटीत जाऊन आपल्या खात्याचा उतारा घ्या. मुद्दल किती, व्याज किती, शेवटची तारीख कोणती, हे कागदावर बघा. माल घरात आहे पण भाव पडलेला आहे, अशी अडचण असेल तर बाजार समितीत शेतमाल तारण योजना आहे का, चौकशी करा. राज्य कृषी पणन मंडळाची ही योजना १९९० पासून चालू आहे. सोयाबीन, तूर, हरभरा असा माल समितीच्या गोदामात ठेवायचा आणि त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज घ्यायचं, सहा महिन्यांसाठी, वर्षाला सहा टक्के व्याजाने. समजा, चाळीस हजारांचा माल ठेवला, तीस हजार मिळाले. सहा महिन्यांचं व्याज नऊशे रुपये. हेच तीस हजार शेकडा तीन रुपयांनी घेतले असते, तर व्याज झालं असतं पाच हजार चारशे. ह्या पैशांनी पीक कर्ज तारखेला भरता येतं आणि भाव आला की माल विकता येतो.

खासगीत घ्यायची वेळ आलीच, तर सावकार परवानाधारक आहे का ते बघा. २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे. कोऱ्या कागदावर सही नको, कोरा धनादेश नको, आणि जमिनीचं खरेदीखत तर कधीच करून देऊ नका. तसं कुणी करून घेतलं असेल, तर जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते.

जे दुसऱ्याची जमीन वाट्याने, खंडाने कसतात, त्यांच्या नावावर सात-बारा नाही, म्हणून त्यांना कर्ज नाही, रूपांतर नाही. पाऊस मात्र त्यांच्याही पिकावर पडतो. अशा पाच-दहा जणांनी मिळून संयुक्त देयता गट केला, तर बँक त्यांना कर्ज देऊ शकते. नाबार्डची ती योजना आहे. ज्या भगिनींच्या नावे जमीन नाही, त्यांनीही याची चौकशी जरूर करावी.

कर्जमाफीची वाट बघावी का?

हा प्रश्न प्रत्येक सभेत निघतो, म्हणून सांगतो. २००८ ला केंद्राची माफी आली. २०१७ ला छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाची योजना आली, दीड लाखांपर्यंत. २०१९ ला महात्मा फुल्यांच्या नावाची आली, दोन लाखांपर्यंत. ज्याला त्याचा लाभ झाला त्याला खरोखर श्वास घेता आला, हे नाकारायचं कारण नाही. पण माफी कधी येईल, कोणत्या तारखेपर्यंतची थकबाकी धरतील, याचा नेम पावसाइतकाही नाही. तिच्या आशेवर भरण्यासारखं खातं थकवलं, तर मधली दोन-तीन वर्षं पीक कर्ज बंद राहतं, आणि त्या वर्षांत जे खासगी कर्ज होतं ते कोणत्याच माफीत बसत नाही. भरण्याची ऐपत असेल तर भरा. ऐपत नसेल तर रूपांतर मागा. दोन्ही न करता वाट बघत बसणं, हा सर्वांत महाग सौदा आहे.

बंधूंनो, पाऊस आपल्या हातात नाही. वातावरण तापलं ते काही पुरंदरच्या किंवा शिरूरच्या शेतकऱ्यानं तापवलं नाही. त्याचा भुर्दंड मात्र आपल्या खात्यावर पडतो आहे, आणि परतफेडीच्या तारखा पावसाप्रमाणे बदलाव्यात ही मागणी आपण सोसायटीच्या सभेतून, ठरावातून सतत मांडली पाहिजे. ते होईल तेव्हा होईल. तोवर जे नियम आहेत त्यांचा पुरता उपयोग करून घेणं आपल्या हातात आहे.

ध्यानात ठेवा

१. पेरलं ते नोंदवा. ई-पीक पाहणी मुदतीत करा.
२. वाफसा आणि पाच दिवसांचा अंदाज बघितल्याशिवाय पेरू नका.
३. नुकसान झालं की फोटो, अर्ज आणि पोच त्याच आठवड्यात.
४. गाव जाहीर झालं की रूपांतराची लेखी मागणी करा, शक्यतो सोसायटीच्या ठरावाने.
५. फेब्रुवारीत खात्याचा उतारा घ्या, मार्चची वाट बघू नका.
६. नवं-जुनं करण्यासाठी शेकड्याने पैसे काढण्याआधी शेतमाल तारण आणि रूपांतर, ही दोन दारं वाजवून बघा.
७. नियम दरवर्षी बदलतात. मागच्या वर्षीच्या माहितीवर यंदाचं काम करू नका.

आज संध्याकाळीच घरातल्या कागदांच्या पिशवीतून पासबुक आणि सात-बारा काढा, आणि परतफेडीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. घरच्या लक्ष्मीलाही ती माहीत असू द्या.